डावीकडचं

टिंग, असं गाडी म्हणाली. डाव्या आरशाच्या कोपऱ्यात एक पिवळा ठिपका पेटला, आणि तो विझायच्या आत मी मान वळवून बघितलं, तर घाईच्या खिडकीला लागून एक बाई सायकलवर चाललेली. पुढच्या टोपलीत कोबी. इतकी जवळ की काच खाली असती तर घाईने बसल्या जागेवरून कोबीचं वरचं पान काढून घेतलं असतं. बाई आमच्याकडे बघतही नव्हती. आपण या गाडीवाल्याला दिसलोय असं धरून ती चालली होती, जसं रस्त्यावरचा प्रत्येक माणूस दुसऱ्याबद्दल धरून चालतो. मी स्टिअरिंग डावीकडे घ्यायला सुरुवात केली होती. सुरुवात म्हणजे किती, तर बोटभर. पण माझ्या त्या बोटभर रस्त्यात बाई नव्हती. रस्ता होता, मोकळा, ऊन पडलेला, कडेच्या पांढऱ्या पट्ट्यासकट अगदी व्यवस्थित होता, आणि मग टिंग झालं आणि त्या रस्त्यातून बाई निघाली. मी स्टिअरिंग सरळ केलं. कुणाला काही कळलं नाही. "सर, मुद्दाम केलंत ना?" घाई हसून म्हणाली. "मी पण गिऱ्हाइकांना असंच करून दाखवते. किती गोड सांगते बघा, ओरडत नाही की काही नाही." मी म्हटलं, "हो, बघत होतो, सांगते का ते." मी असलं काही बघत नव्हतो, पण आवाज चांगला निघाला. बत्तीस वर्षं गाडी शिकवली की आवाज आपोआप चांगला निघतो. शिकणारा समोरच्या भिंतीवर गाडी घालत असताना "छान, आता हळूच ब्रेक" म्हणायची सवय झालेली असते.

घाई हे काही तिचं नाव नव्हे. नाव माझ्या लक्षात कधीच राहिलं नाही. माझ्या हाताखालून इतकी माणसं गेली की नावं ठेवायला जागा कुठून आणणार, म्हणून मी नावं ठेवायचो, म्हणजे दुसऱ्या अर्थाने. एक होता ब्रेकमास्तर. एक होती हॉर्नवाली. एक गृहस्थ बँकेतले मोठे साहेब होते, ते गिअर बदलण्यापूर्वी दर वेळी "बदलू?" असं विचारायचे, त्यांना मी अर्जदार म्हणायचो, मनात. आणि ही मुलगी दुसऱ्या गिअरवरून थेट चौथा टाकायची. तिसरा तिच्या हिशेबातच नव्हता. सोळा वर्षं झाली त्याला. आता ती या शोरूममध्ये गाड्या विकते, कोटाला बिल्ला लावते, आणि आम्ही दोघं आत शिरल्या शिरल्या चार गिऱ्हाइकांना ओलांडून धावत आली होती. "सर, ओळखलंत का?" मी म्हटलं, "घाई," आणि तिला इतका आनंद झाला की तिने तिथल्या साहेबाला बोलावून सांगितलं, यांनी मला गाडी शिकवली, अर्ध्या शहराला यांनीच शिकवलंय. साहेबाने हात मिळवला. ही, म्हणजे माझी बायको, माझ्या मागे पर्स धरून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, साधं, लपवलेलं नाही असं कौतुक. त्या क्षणी मी म्हणू शकलो असतो की बाई गं, मला गाडी चालवायला मनाई आहे. नाही म्हटलं. कोण म्हणेल? आणि आता मी चालवून बघायला घेतलेल्या या राखाडी गाडीत बसलो होतो, ही मागे बसली होती, आणि टोपलीतला कोबी डुलत डुलत पुढे निघून गेला होता.

तीन आठवडे झाले. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे मी चष्म्याचा नंबर बघायला गेलो होतो. त्यांनी मला एका पांढऱ्या अर्धगोलासमोर बसवलं, हनुवटी टेकवली, हातात बटण दिलं आणि म्हणाल्या, मधल्या ठिपक्याकडे बघत राहा, इकडेतिकडे कुठे दिवा लुकलुकला की दाबा. सोपं काम. पण थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की दिवे येतायत असं वाटतंय आणि दिसत मात्र नाहीयेत. मशीनमध्ये आतून बारीक आवाज यायचा, सर्र, आणि मग दिवा. सर्र, दिवा. सर्र, आणि काही नाही. मग मी सर्र झालं की दाबायला लागलो. परीक्षेत पास व्हायचं एवढंच माझ्या डोक्यात. मी स्वतः आयुष्यभर लोकांना परीक्षेला बसवलं, ते कशा लबाड्या करतात हे सगळं मला पाठ, आणि एकसष्टाव्या वर्षी मी स्वतः तेच करत बसलो होतो. डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही मशीनला फसवायला बघताय. त्याला कळतं ते." मग त्यांनी मला दुसऱ्यांदा बसवलं. कागदावर दोन गोल होते, दोन्ही गोलांत डावीकडे खाली काळं. शाई सांडल्यासारखं. काचबिंदू, त्या म्हणाल्या, दोन वर्षं तरी झाली असतील, चोरासारखा येतो, दुखत नाही, खुपत नाही, आणि जे गेलं ते परत येत नाही, आहे ते टिकवायचं. दिवसातून दोनदा थेंब. आणि मग, कागदावर काहीतरी लिहिता लिहिता, मान वर न करता, "गाडी बंद करा." जसं आपण पंखा बंद करा म्हणतो. मी विचारलं, मला काळं कसं दिसत नाही मग, इथे तर काळं दाखवलंय. त्या म्हणाल्या, "काळं नसतं दिसत हो. मेंदू भरून काढतो. तिथे जे असायला हवं ते दाखवतो." मी घरी चालत आलो. आयुष्यभर डोळ्यांत तेल घालून रस्ता बघितला, आता डोळ्यांत थेंब घालून काय बघायचं, असा विनोद मला वाटेत सुचला, आणि तो कुणाला सांगता येणार नाही याचं वाईट वाटलं. घरी ही म्हणाली, "काय म्हणाल्या?" मी म्हटलं, "डोळे कोरडे पडतात म्हणाल्या." ती म्हणाली, "म्हातारे झालात," आणि चहा ठेवायला गेली.

जुनी गाडी मी त्याच आठवड्यात काढून टाकली. तिचं वय झालं होतं हे खरंच होतं, पण विकण्याचं कारण ते नव्हतं. दारात गाडी असली की चालवावी लागली असती. पण गाडी गेल्यावर मला काही सुचेना. रोज उठून मी खिडकीतून ती रिकामी जागा बघायचो, तिथे तेलाचा एक डाग होता. आणि मग एका सकाळी दाढी करताना मला सुचलं. हल्लीच्या गाड्यांना डोळे असतात. आरशात दिवा लागतो, मागे कॅमेरा, बाजूला काहीबाही, कुणी जवळ आलं की गाडी सांगते. म्हणजे डावीकडचं तिने बघायचं, उरलेलं मी. भागीदारीच म्हणायची. वर्ष, दोन वर्षं सहज निघतील, आणि फसवणूक तरी कुणाची होणार, एका कागदाची. आरशात अर्धा गाल फेसाचा असताना मला इतकं हलकं वाटलं की मी शीळ घालायला लागलो. नेमकं त्याच संध्याकाळी हीच म्हणाली, "आता दोघांपुरती घेऊ ना एखादी. छोटी. पण पळणारी." मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेल्याला चार वर्षं झाली, मोठी डिकी आता कुणासाठी लागणार? मला वाटलं, माझ्यासाठी म्हणते. मला तरुणपणापासून अशी बुटकी, चपळ, वळणाला चिकटून जाणारी गाडी हवी होती हे तिला माहीत होतं. लग्नाच्या आधी मी मित्राची तसली गाडी मागून आणायचो आणि एकटाच लांब जाऊन यायचो. वर्तमानपत्रातून दोन गाड्या निवडल्या गेल्या. एक लाल, साधी, हाताने गिअर टाकायची, तिला ना कॅमेरा ना दिवा, नुसतं इंजिन आणि चार चाकं आणि आवाज. दुसरी राखाडी, गिअर आपोआप बदलणारी, डोळे असलेली. पळायला दोन्ही सारख्याच. लाल बघून कुणाचंही काळीज हललं असतं. मी म्हटलं, राखाडीच बरी, वयाला शोभते. तिने माझ्याकडे जरा नवलाने बघितलं होतं.

आणि आता डोळेवाल्या गाडीने आपलं काम चोख केलं होतं, मी जसं ठरवलं होतं अगदी तसं. तक्रारीला जागा नव्हती. शोरूमपर्यंतचा उरलेला रस्ता मी तीसच्या वर गेलो नाही. मला राहून राहून वाटत होतं ते कोबीच्या बाईबद्दल नाही, तिच्या आधीच्यांबद्दल. टिंग न करणाऱ्या जुन्या गाडीत, या दोन वर्षांत, अशा किती बायका माझ्या मोकळ्या रस्त्यातून गेल्या असतील. आपल्याला कधीच न दिसलेल्या माणसांची मोजदाद कशी करायची? एकदा पेठेच्या वळणावर एक माणूस मला ओरडून काहीतरी बोलला होता आणि मी हिला म्हटलं होतं, लोकांना काय झालंय, उगाच अंगावर येतात. एकदा डाव्या दरवाज्यावर लांब ओरखडा आला होता, तो मी शेजाऱ्यांच्या नावावर टाकला. उतरताना मी दरवाजा धरून उभा राहिलो. घाई म्हणाली, "आता लाल, सर. तुम्हाला ती जास्त आवडेल, बघाच." ही मागून उतरली, साडीच्या निऱ्या झटकल्या, आणि लाल गाडीकडे बघत उभी राहिली. मी म्हटलं, "ही तू चालव." खरं तर मला फक्त बसायचं होतं कुठेतरी. ती म्हणाली, "मी?" आणि तिने मला दुसऱ्यांदा विचारलं नाही. पर्स माझ्या हातात दिली.

हिला गाडी येते. मीच शिकवली, लग्नानंतर दोन वर्षांनी, माझ्या ड्रायव्हिंग शाळेच्या गाडीवर, अकरा दिवसांत. त्यानंतर बाजारहाटाला, आईकडे, कधी कोर्टात पोचायला उशीर झाला की ती एकटी गाडी घेऊन जायची. पण दोघं असलो की मी चालवणार, हे कुणी ठरवलं नव्हतं, तसं होतं. म्हणजे एकोणतीस वर्षांत मी तिच्या शेजारी डावीकडे एकदाही बसलो नव्हतो. ती गाडी घेऊन गेली होती हे मला कसं कळायचं, तर सीट दोन खाचा पुढे सरकलेली असायची आणि रेडिओ लावला की कानठळ्या बसायच्या. मी सीट मागे घ्यायचो, आवाज कमी करायचो. एवढंच मला तिच्या गाडी चालवण्याबद्दल माहीत. बाकी मला ती माझ्या डावीकडे बसलेली माहीत, पाय जुळवून, एका हाताने खिडकीच्या वरची मूठ धरून. कोर्टात ती लघुलेखिका आहे. वकील बोलतात, साक्षीदार बोलतात, न्यायाधीश मधेच बोलतात, आणि हिची पेन्सिल त्या सगळ्यांच्या अर्धं पाऊल पुढे असते. मी एकदा जाऊन बघितलं होतं. एक म्हातारा वकील वाक्याच्या मध्ये थांबला, शब्द शोधायला लागला, आणि हिने पेन्सिल कागदावर टेकवून त्याच्याकडे बघितलं, न चिडता, पण शब्द तिने आधीच लिहून टाकलाय हे स्पष्ट दिसत होतं. घरातही माझी निम्मी वाक्यं तीच पुरी करते. तरी मी कधी दोन आणि दोन एकत्र केले नाहीत. शिक्षक माणसाचं असं होतं, अकरा दिवसांत ज्याला शिकवलं त्याला तो कायम अकराव्या दिवशीच धरून ठेवतो.

लाल गाडीची सीट इतकी खाली होती की आपण रस्त्यावरच बसलोय असं वाटलं. घाई मागे कशीबशी मावली, गुडघे पोटाशी घेऊन. मी पर्स मांडीवर घेऊन डावीकडे बसलो. हिने आरसे नीट केले, उजवा, मधला, डावा, याच क्रमाने, माझा क्रम. पट्टा लावला. चप्पल काढून मागे सरकवली, हे मात्र माझं नव्हतं. इंजिन सुरू झालं तसं सीटच्या पाठीतून एक थरार आला आणि हिच्या ओठांचा कोपरा हलला. पहिला, दुसरा. गिअर तिने असे टाकले की मला ते ऐकू आले नाहीत, फक्त गाडीचा सूर बदलत गेला. बायपासला लागेपर्यंत ती गुमान चालली. बायपासवर समोर एक टेम्पो होता. मी असतो तर त्याच्या मागे राहिलो असतो, कारण ती शेजारी बसलेली असती. हिने इशारा दिला, आरसा बघितला, खांद्यावरून मागे बघितलं, चौथ्यातून तिसऱ्यात आली आणि गाडी अशी काही दामटली की माझं डोकं मागे टेकलं. टेम्पो गेला. पुढची बस गेली. काटा ऐंशीच्या पुढे थरथरत होता आणि माझा उजवा पाय गाडीची जमीन दाबत होता. शाळेच्या गाडीत तिथे ब्रेक असतो, मास्तरचा. बत्तीस वर्षं तिथे ब्रेक होता. "पाय आवरा," ही रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "तिथे काही नाहीये." मागे घाईने खोकल्यासारखं केलं.

मी म्हटलं, "अगं, सावकाश म्हणणारी तू." ती म्हणाली, "मी कधी म्हटलं?" मी म्हटलं, "कधी म्हणजे? रोज. गाडीत बसलं, दार लावलं की पहिला शब्द तुझा तो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आपण तुझ्या मावशीकडे निघालो तेव्हापासून." आणि मला तो दिवस स्पष्ट दिसला, मित्राची गाडी मागून आणली होती, तीच पळणारी, मुद्दाम, हिला दाखवायला, आणि मी पहिला गिअर टाकला तोच ही म्हणाली, सावकाश हं. मी असा खचलो होतो. म्हटलं, बाई भित्री आहे. शेजारी बसलेल्याचा शब्द शेवटचा, हे तर मी शिकवायचो लोकांना, आणि स्वतःच्या बायकोच्या बाबतीत मोडू? एकतीस वर्षं ती शेजारी असताना माझा काटा पन्नासच्या वर गेला नाही. एकटा असलो की मी जायचो, खूप जायचो, आणि घराच्या गल्लीत शिरताना पुन्हा सज्जन व्हायचो. हे सगळं मी तिला सांगितलं नाही, तिने पुरं केलं. "अहो, ते म्हणायचं असतं," ती म्हणाली. "आई म्हणायची. कुणी उंबऱ्याबाहेर निघालं की सावकाश. गॅसवाल्याला म्हणायची. जेवायला बसलेल्याला म्हणायची. त्याचा गाडीशी काय संबंध? म्हणजे तुम्ही त्यासाठी..." आणि तिने खरोखर माझ्याकडे वळून बघितलं, ऐंशीला, जे कधीही करू नये. मी म्हटलं, "समोर बघ. आणि तो हात? ती वरची मूठ धरून बसायचीस ती?" ती म्हणाली, "कंटाळून. मला वाटायचं हाताने ओढून न्यावी गाडी पुढे. इतका हळू चालवणारा माणूस मी पाहिला नाही. मास्तर आहेत, धंद्याची सवय असेल, बोलून कशाला दुखवा, म्हणून गप्प बसले." घाईला आता खोकला पुरेना, ती उघड हसायला लागली. आणि मीही. एकतीस वर्षं दोन माणसं एकमेकांच्या मनाचा मान राखून बैलगाडीच्या वेगाने फिरली, दोघांनाही पळायचं असताना, एका शब्दापायी. मला इतकं हसू आलं की डोळ्यांना पाणी आलं, आणि डोळ्यांना पाणी आलं तसं बाकीचंही बाहेर पडलं. मी ठरवलं नव्हतं. "मला डावीकडचं दिसत नाही," मी म्हटलं.

हिचा पाय पेडलवरून उठला. गाडीचा सूर खाली खाली येत गेला. तिने आरसा बघितला, इशारा दिला, कडेला घेतली, गिअर काढला, हातब्रेक ओढला, सगळं क्रमाने, आणि मग दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. बाजूने मोठाल्या गाड्या जात होत्या आणि दर गाडीबरोबर आमची छोटी गाडी जरा हलत होती. "किती दिवस?" तिने विचारलं. मी म्हटलं, "कळून तीन आठवडे." "आणि न कळता?" मी म्हटलं, "डॉक्टरीणबाई म्हणतात, दोन वर्षं तरी." घाई मागून बारीक आवाजात म्हणाली, "सर, मी उतरू का?" ही म्हणाली, "बस तू." ती समोर बघत होती. मला माहीत आहे ती विचार करताना कशी दिसते, हनुवटी जराशी वर जाते. "म्हणजे मी बसायचे ती बाजू," ती म्हणाली. ते खरं होतं. "आणि मघाशी ती सायकलवाली. मी मागून बघत होते. मला वाटलं, हे असे काय घेतायत. म्हटलं, मास्तर आहेत, करून दाखवत असतील." पुढचं वाक्य अवघड होतं, पण तिने तेही पुरं केलं, माझ्याऐवजी. "त्या टिंगच्या भरवशावर चालवणार होता तुम्ही. म्हणून राखाडी." मी म्हटलं, "हो." तिने माझ्या मांडीवरची स्वतःची पर्स उचलली आणि पुन्हा तिथेच आपटली. "कुणी मेलं असतं म्हणजे?" तिचा आवाज फाटला. "त्या बाईला काही झालं असतं म्हणजे? कुठल्या तोंडाने घरी आला असता? आणि मला डोळे कोरडे पडतात म्हणून सांगता. मी तुमच्यासाठी रोज काकडी कापून देते डोळ्यांवर ठेवायला." काकडी ती खरंच द्यायची आणि मी ती खाऊन टाकायचो. हेही मी त्या वेळी सांगून टाकलं. का, ते मला अजून कळलेलं नाही. ती रडत होती आणि मधेच हसली, आणि हसल्याबद्दल पुन्हा चिडली. मला लाज वाटत होती, खूप, घाईसमोर तर फारच. पण लाजेच्या खाली काहीतरी सैल पडत होतं, खांद्यांतून, मानेतून. तीन आठवडे मी मान आवळून जगत होतो, सारखा डावीकडे चोरून बघत. आता मान आपोआप सरळ झाली.

मग तिने नाक पुसलं आणि विचारलं, "आत्ता मी दिसतेय का?" तिला वाटलं असणार, आता कुठलं कुठलं दिसत नाही याची यादी करावी लागेल. मी तिच्याकडे बघितलं. मान न वळवता, नुसतं, समोर बघता बघता जसं शेजारचं दिसतं तसं. ती उजवीकडे होती. कान, कानातली कुडी, गालावर सुकत चाललेली ओली रेघ, स्टिअरिंगवरची बोटं, निऱ्या गुडघ्यावर ओढून घेतलेल्या, पायात चप्पल नाही. सगळी. एकतीस वर्षं मी तिला डावीकडे ठेवून फिरलो होतो, आणि शेवटची दोन वर्षं तर मेंदूने भरून काढलेल्या बायकोशी बोलत. "दिसतेयस," मी म्हटलं. "या बाजूने पूर्ण दिसतेयस." ती म्हणाली, "मग बसा त्या बाजूला." रागातच म्हणाली. आणि इंजिन सुरू केलं.

गाडी पुन्हा बायपासला लागली तेव्हा मी मागे न बघता घाईला सांगितलं, "लाल घ्यायची आहे." घाई म्हणाली, "बरं सर," आणि थोड्या वेळाने, तिच्या धंद्याला न शोभणाऱ्या आवाजात, "सर, तुम्ही मला किती वेळा पुन्हा तिसऱ्यावर आणलंत, आठवतं?" मी म्हटलं, "आठवतं." लाल म्हणजे मी आता कधी चालवणार नाही, हे आम्हा तिघांनाही कळलं होतं, त्यावर बोलायची गरज नव्हती. मला वाटलं होतं, हे शब्द तोंडातून निघताना छातीत काहीतरी तुटेल. तसं झालं नाही. ऊन होतं. खिडकीतून वारा येत होता. सीटच्या पाठीतून इंजिन लागत होतं, आणि वेग आला की तो उजवीकडे बसलेल्यालाच येतो असं थोडंच आहे. हिने एका लांब वळणावर गाडी अशी आत घेतली की मी तिच्याकडे झुकलो आणि तिच्या दंडाला माझा खांदा लागला. "दुखलं का?" ती म्हणाली. "नाही," मी म्हटलं, "तिसऱ्यात घ्यायला हवी होतीस." ती म्हणाली, "तिसऱ्यातच होती." मला ऐकू कसं आलं नाही? मग मी शिकणाऱ्यासारखा तिचा हात बघत राहिलो. थोडं पुढे गेल्यावर घाई म्हणाली, "मॅडम, आता पुढे डावीकडे आपलं गेट, शोरूमचं." ही हो म्हणाली. मी इशाऱ्याच्या टिकटिकची वाट बघत होतो. ती वाजली नाही. गाडी हळूही झाली नाही. डावीकडे मला रस्ता दिसत होता, झाडं, भिंत, पुन्हा झाडं, जे असायला हवं ते सगळं.

"गेट आलं का गं?" मी विचारलं.

मागच्या सीटवर घाईने श्वास घेतला आणि तो तसाच धरून ठेवला.

"नाही अजून," ही म्हणाली आणि तिने चौथा टाकला.

"बरं," मी म्हटलं.